रामबागेतल्या मावशींना, सेफ्टी पिनेबद्दल

मावशी, सा. न.

सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरी येऊन आभार मानले तर तुम्ही "काहीतरीच काय!" म्हणून उडवून लावाल.

एम.एस्सी.च्या सेमिनारला मी विषय घेतला तो धातूच्या आयनांभोवती (म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंभोवती) कड्यांसारख्या गुंफलेल्या रेणूंचा. आकृत्या पाठ होत्या, पण एक कडी दुसरीत नेमकी शिरते कधी, ते काही केल्या डोक्यात बसेना. तुम्ही लोकरीची टोपली पुढे ओढलीत आणि म्हणालात, "करून बघू."

लाल लोकरीची बंद कडी, तिच्यातून ओवलेला पांढरा तुकडा, आणि दोन्ही जिथे एकमेकांना आडवे जातात तिथे सेफ्टी पिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-पिएर सोवाज यांनी 1983 मध्ये स्ट्रासबुर्गला पिनेचं हे काम तांब्याच्या आयनाकडून करून घेतलं. या तांब्याला धरायला चार नायट्रोजन लागतात: दोन कडीतले, दोन तुकड्यातले. दोन्ही जोड्या एकमेकींना आडव्या होऊनच बसतात, म्हणून तुकड्याला कडीतून जावंच लागतं. मग त्याची टोकं जोडून टाकायची. अडकलेल्या कड्यांचं उत्पादन 42 टक्के! 1960 मध्ये वासरमन या रसायनशास्त्रज्ञांनीही अशी जोडी मिळवली होती, पण ती निव्वळ योगायोगाने, रेणूचं तोंड मिटताना तो कडीत असला तर. साहजिकच हाती अगदी थोडं लागलं.

"पण पिन काढली की सुटेलच ना?" तुम्ही विचारलंत, आणि मी बंध वगैरे सांगायला लागले तोवर पिन काढून दोन्ही कड्या ताणूनही दाखवल्यात. सोवाज यांनी तांबं सायनाइडने काढून घेतलं. कड्या तशाच अडकलेल्या राहिल्या. सेमिनारमध्ये सरांचा पहिला प्रश्न हाच होता. मी लोकर पुढे केली, बोलावं लागलंच नाही.

तिपेडी गाठीला (एकच बंद धागा, तीनदा स्वतःवरून जाणारा) मात्र आपण दोघींनी हात टेकले. सोवाज आणि त्यांच्या सहकारी डीट्रिश-बुचेकर यांनी 1989 मध्ये ती तांब्याच्या दोन आयनांवर रेणूंच्या दोन धाग्यांना पीळ देऊन बांधली, तेव्हा पदरात 3 टक्केच पडलं. धागे पीळ न घेताच समोरासमोर बसत होते. "पीळ नाही तर गाठ कुठली?" हे तुमचं वाक्य मी स्लाइडवर जसंच्या तसं टाकलं. (सोवाज यांच्या 2016 च्या नोबेलचा उल्लेखही त्याच स्लाइडवर होता, पण लोक तुमच्या वाक्याला हसले.)

नमुना डिपार्टमेंटने ठेवून घेतलाय, तेव्हा पिन काही परत मिळायची नाही. आता मँचेस्टरच्या रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये बांधलेली रेणूची गाठ करून बघायची आहे: 192 अणूंची, आठ ठिकाणी एकमेकांवरून जाणारी. तिथे लोखंडाचे चार आयन आहेत. रविवारी येते, चार पिना माझ्या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची