‘ओन्ली’ एकट्या खान्देशाचं नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या विनोदी सदरात ‘खान्देशी इंग्रजी’चा नमुना म्हणून ‘आय अ‍ॅम फ्रॉम पारोळा ओन्ली’ हे वाक्य छापलं आहे. हसू मलाही आलं, पण शिक्का चुकीचा मारलात. असं ‘ओन्ली’ मुंबईच्या लोकलमध्ये ऐकू येतं आणि दिल्लीतही. हिंदीवाल्याला तिथे ‘ही’ हवा असतो, आपल्याला ‘च’. अहिराणीत ‘मी आठेज शे’ म्हणतात, म्हणजे ‘मी इथेच आहे’. तो ‘ज’ शब्दाच्या शेपटीला चिकटतो, मग इंग्रजी बोलताना ओन्लीही शेपटीलाच जातं.

आपला ‘च’ दोन कामं करतो. ‘मी पारोळ्याचाच’ म्हणणारा इतर गावं वगळत बसत नाही, तो ठासून सांगतो. ओन्लीचं मूळ काम मात्र वगळण्याचं, म्हणून गोऱ्या साहेबाला ते वाक्य खटकतं. ‘तो कालच आला’ याचं ‘ही केम ओन्ली यस्टरडे’ केलं तर त्यालाही पटतं. तिथे शब्द तोच, फक्त ‘काल’च्या आधी बसलेला.

मी चोपड्यात बँकेच्या काउंटरवर नोकरी केली. केळीच्या पैशाचे चेक यायचे, त्यांवर ‘रुपीज एट थाउजंड ओन्ली’. इथे ओन्ली शेवटीच! कित्येक शेतकऱ्यांची या शब्दाशी ओळखच तिथे झाली असेल. पुढे कोणी ‘फाइव्ह हंड्रेड’ जोडू नये म्हणून ठोकलेला तो खिळा आहे. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याच्या, कलम 18 नुसार आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत, तर अक्षरी रक्कम धरतात. त्यामुळे अक्षरांपुढची मोकळी जागा धोक्याची. ओन्ली राहिलं म्हणून चेक बाद होत नाही, तरी लोक धास्तावायचे. मराठीत लिहिणारे विचारायचे, ‘साहेब, फक्त लिहू का मात्र?’ दोन्ही चालतं.

हसायचंच असेल तर तुमच्याच पानांवरच्या जाहिरातींकडे बघा. शिबिराच्या जाहिरातीत ‘फक्त महिलांची तपासणी सोमवारी’ असं छापतात, सांगायचं असतं ‘महिलांची तपासणी फक्त सोमवारी’. पहिलं वाचून पुरुष सोमवारी घरी बसतील. दुसरं वाचून बायका मंगळवारची खेप घालणार नाहीत.

– एक निवृत्त रोखपाल, चोपडा (जि. जळगाव)