टॅब आले, ग्रंथपाल कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पुरवणीतली शाळांमधल्या ‘डिजिटल वाचनालया’ची बातमी दोनदा वाचली. टॅब किती, स्मार्ट बोर्ड केवढा, फीत कोणी कापली, सगळे आले आहे. ती खोली उद्यापासून कोण चालवणार याची मात्र एक ओळ नाही. ‘ग्रंथपाल’ हा शब्दच बातमीत कुठे नाही. शालेय ग्रंथालयात उभी हयात गेलेल्या माणसाला हे वाचून राग येतो, म्हणून हे पत्र.

ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांत हे नेमके कुठे फसते ते सांगते. एका शाळेने (नाव देत नाही) संगणकीकरणाचे काम बाहेरच्या माणसाला नोंदीमागे ठरावीक पैसे देऊन दिले. सॉफ्टवेअर उत्तम होते. कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि एनआयसी या सरकारी संस्थेचे ई-ग्रंथालयही आहे, त्यामुळे खोट सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. टंकणाऱ्याने समोर दिसले तसे टंकले. कुसुमाग्रजांचे कवितासंग्रह ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली गेले, नाटके ‘शिरवाडकर वि. वा.’ म्हणून, आणि काही पुस्तके ‘वि वा शिरवाडकर’ अशी बिनटिंबाची. मुलीने ‘कुसुमाग्रज’ टाकले की नाटके दिसायचीच नाहीत. ग्रंथपाल असता तर त्याने एक नाव प्रमाण धरले असते, बाकीच्या नावांवर ‘पाहा’ अशी जोडनोंद केली असती आणि काम तिथेच मिटले असते.

पुढचा घोळ लिपीचा. जुन्या नोंदी युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होत्या. नव्या यंत्रणेत त्या ओतल्या तेव्हा अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे उमटली. ज्या नोंदी युनिकोडमध्ये होत्या, त्यांतही ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टंकता येतो आणि ‘ॲ’ सुद्धा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. मूल एका पद्धतीने टंकते, नोंद दुसऱ्या पद्धतीची असते, पडद्यावर ‘पुस्तक उपलब्ध नाही’ असे येते आणि पुस्तक समोरच्याच कपाटात असते. याला उपाय एकच. नोंदी सुरू करण्याआधी एकच कीबोर्ड आणि एकच लेखनपद्धत ठरवायची आणि पहिल्या पन्नास नोंदी स्वतः शोधून पाहायच्या. पाच हजार नोंदी झाल्यावर हे लक्षात आले तर दुरुस्तीला मूळ कामाइतकाच वेळ लागतो.

दाखल अंकाचेही, म्हणजे प्रत्येक प्रतीला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाचेही, तसेच. एका पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर ग्रंथाची नोंद एक आणि दाखल अंक पाच. त्या शाळेत पाच प्रतींच्या पाच स्वतंत्र नोंदी झाल्या, काही ठिकाणी उलट पाच प्रतींना एकच अंक पडला. बारकोड मागच्या मुखपृष्ठावर लावून वरून प्लास्टिकचे वेष्टन घातले. प्लास्टिकला सुरकुती पडली की स्कॅनर वाचत नाही, आणि आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत साध्या स्टिकरचा डिंक सुटतो. सुटलेली स्टिकरे मुलांनी दिसेल त्या पुस्तकाला चिकटवली. पुढच्या पडताळणीत दाखल नोंदवही आणि संगणक यांचा मेळ बसेना, तेव्हा कपाटांना कुलपे लागली.

कुलपांमागे भीतीही असते. ज्या शिक्षिकेच्या गळ्यात ‘ग्रंथालय प्रभार’ घातलेला असतो, तिला धास्ती असते की हरवलेल्या पुस्तकाची वसुली आपल्या पगारातून होईल. दरवर्षीची पडताळणी आणि फाटक्या, कालबाह्य पुस्तकांचे रीतसर निर्लेखन (नोंदवहीतून कमी करणे) झाले तर ही धास्ती राहत नाही. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढले ते २००६ साली. तरी खगोलाच्या, म्हणजे ड्यूई वर्गीकरणातल्या (विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीतल्या) ५२० च्या फळीवर नऊ ग्रहांची पुस्तके अजून आहेत आणि मुले प्रकल्पात तेच उतरवतात. ते काढायचे कसे, ठराव कोणाचा घ्यायचा, नोंद कुठे करायची, हे ग्रंथपालालाच माहीत असते.

आता टॅबकडे येते, कारण बातमी त्यांची होती. आठवीला ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर प्रकल्प दिला असे धरा. विषय चांगला आहे. खाडीतले अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. मूल फ्लेमिंगोचे मराठी नाव ‘रोहित’ असे शोधते आणि समोर क्रिकेटपटू येतो. मग ते ‘फ्लेमिंगो’ टाकते, पहिला दुवा उघडते आणि मजकूर उचलते. एका संकेतस्थळावर पक्ष्यांची एका वर्षीची गणना असते, दुसऱ्यावर दुसऱ्या वर्षीची. मूल दोन्ही आकडे एका परिच्छेदात लिहून मोकळे होते.

हे शिकवायला विज्ञानशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून तीन तासिका द्याव्या लागतात. पहिल्या तासिकेत टॅब बंद. मुलांनी स्वतःचे तीन प्रश्न लिहायचे आणि शोधशब्द काढायचे: फ्लेमिंगो, रोहित, अग्निपंख, लेसर आणि ग्रेटर (फ्लेमिंगोच्या दोन जाती), खारफुटी. दुसरीत फळी क्र. ५९८ वरची पक्ष्यांची पुस्तके, मराठी विश्वकोश, आणि मग टॅब. प्रत्येक आकड्यापुढे कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणत्या वर्षाचा आकडा आहे, हे वहीत मांडायचे. तिसरीत दोन जागी जुळलेलीच माहिती ठेवायची, न जुळलेली शिक्षकांकडे न्यायची आणि खाली पुस्तकाचे नाव, लेखक, पान लिहायचे. ३५ मिनिटांच्या तासिकेत टॅब वाटणे आणि पासवर्ड शोधणे यातच दहा-पंधरा मिनिटे जातात. म्हणून टॅबना क्रमांक हवेत, आदल्या दिवशी चार्जिंग हवे आणि कोणता टॅब कोणाकडे गेला याची वही हवी. हे रोजचे काम आहे, सवड मिळाली तर करायचे नव्हे.

अमेरिका-कॅनडात हे काम करणाऱ्याला शिक्षक-ग्रंथपाल म्हणतात. अध्यापन आणि ग्रंथालयशास्त्र या दोन्हींचे शिक्षण घेतलेला माणूस. कोलोरॅडोतल्या १९९३ च्या अभ्यासात दिसले की जिथे ग्रंथालयातले कर्मचारी आणि पुस्तके जास्त, तिथे मुलांचे वाचनाचे गुण जास्त, घरच्या गरिबीचा हिशेब धरूनही. इफ्ला (ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांच्या १९९९ च्या जाहीरनाम्यात शालेय ग्रंथपाल हा व्यावसायिक पात्रतेचा माणूस असावा असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींची पुस्तके हवीत असे आहे. ग्रंथपाल त्यात नाही. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला वर्षाला ५ ते २० हजार रुपये ग्रंथालयासाठी मिळतात. त्यात पुस्तके येतात, माणूस नेमता येत नाही.

जिथे नेमणूक आहे तिथेही ती बरेचदा अर्धवेळ. साधा हिशेब मांडते. बाराशे मुलांनी आठवड्याला एकेक पुस्तक नेले तर सहा दिवसांत रोज २०० देणे आणि २०० घेणे. एका नोंदीला अर्धा मिनिट धरला तरी २०० मिनिटे झाली. अर्धवेळ माणसाचा दिवस इथेच संपतो. वर्गांक (विषयाचा क्रमांक) लावणे, पुस्तके फळीवर परत लावणे, कसर आणि बुरशी लागलेली वेगळी काढणे, हे सारे त्यानंतर. वर पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि शिष्यवृत्तीचे अर्जही त्याच टेबलावर येतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी मुलांच्या हातात पुस्तके देऊन फोटो काढले जातात. १६ तारखेला ती परत कपाटात.

मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली ज्या शहरात उभे राहिले, त्या ठाण्यात तरी डिजिटल वाचनालयाच्या प्रत्येक प्रस्तावात पहिली ओळ ग्रंथपालाच्या पदाची असावी आणि टॅबची खरेदी त्यानंतर. तुमच्या बातमीदाराला विनंती आहे की पुढच्या उद्घाटनाला गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत: ग्रंथपाल कोण, त्याची पात्रता काय, आणि वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाची तासिका किती. तिन्ही उत्तरे बातमीत छापावीत.

जाता जाता तुमच्याच दारातली एक तक्रार. शाळेत आम्ही विषयवार कात्रणांच्या फायली ठेवत असू: खाडी, पाणी, रेल्वे, निवडणूक. आज मुलांना तेच ई-पेपरवरून करायला सांगावे, तर तुमचे पान नुसते चित्र म्हणून उघडते. त्यातला मराठी शब्द शोधता येत नाही, मजकूर निवडता येत नाही आणि कात्रण जतन केले तर त्यावर तारीख येत नाही. तारखेवाचून कात्रण संदर्भाला चालत नाही. निदान तारीख आणि पान क्रमांक कात्रणावर आपोआप येईल एवढी सोय करावी. शोधाची सोय झाली तर ठाण्यातले ग्रंथपाल तुमचा अंक रोज वर्गात नेतील.

आपली,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल
नौपाडा, ठाणे