केसांची निगा: उपाय मुळाशी हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

केस गळू लागले की अनेकजण आधी तेल किंवा शाम्पू बदलतात. वास्तविक, त्वचेबाहेर आलेला केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो, त्यामुळे ‘केसांना पोषण’ देण्याचा जाहिरातींतील दावा तपासूनच घ्यावा. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे. मात्र तीव्र ताप, बाळंतपण किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस अचानक अधिक गळतात आणि एवढ्या अंतरामुळे खरे कारण लक्षात न येता दोष बिचाऱ्या शाम्पूवर जातो. असे गळणे बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. ते थांबले नाही, किंवा टाळूवर चकत्या दिसू लागल्या, तर लोहाची कमतरता व थायरॉईडची तपासणी करण्याविषयी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

रोजची निगा साधीच आहे. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना लावावा. ओला केस अधिक ताणला जाऊन लवकर तुटत असल्याने तो रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून सोडवावा. सतत घट्ट बांधलेल्या केसांमुळे कपाळाकडील मुळे कायमची निकामी होऊ शकतात, याकडे लहान मुलींच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे.

आपली विश्वासू,
एक वाचक