तिविन्साचा एक चौरस किलोमीटर

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या एसेकिबो भागाची बातमी आपल्या पेपरात येते ती कुणीतरी सैन्य हलवलं की. डिसेंबर 2023 मध्ये व्हेनेझुएलाने सार्वमत घेऊन गयानाचा जवळजवळ दोन तृतीयांश असलेला हा भाग आमचाच म्हटलं तेव्हा चार दिवस मोठे मथळे होते, मग 14 तारखेला सेंट व्हिन्सेंटच्या पंतप्रधानांनी दोन्ही राष्ट्राध्यक्षांना आपल्या बेटावर बोलावून समोरासमोर बसवलं, ब्राझीलही मध्ये होता, बळ वापरणार नाही असं दोघांनी लिहून दिलं आणि तिथून पुढे विषय गायब. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण खरं काम त्यानंतरच असतं.

मी तीस वर्षं जमीन मोजणीत काढली, बांधाची भांडणं जवळून बघितली, म्हणून पेरू आणि इक्वाडोरचं प्रकरण डोक्यातून जात नाही. 1942 च्या रिओ करारात त्यांची हद्द ठरली, ब्राझील, अर्जेंटिना, चिली आणि अमेरिका हे चौघं जामीन राहिले. एका ठिकाणी लिहिलं होतं की सामोरा आणि सांतियागो या दोन नद्यांचं पाणी जिथे वेगळं होतं त्या डोंगरधारेवरून हद्द जाईल. नंतर विमानातून फोटो काढले तर मधे सेनेपा नावाची नदी समजली होती त्यापेक्षा खूपच लांब निघाली, म्हणजे कागदावर धार एक आणि जागेवर तशी एक धारच नाही! तिथे 78 किलोमीटर हद्दीला दगड लागलेच नाहीत. त्यावरून 1981 ला गोळ्या चालल्या, जानेवारी 1995 ला तर सरळ युद्धच.

आता जामीनदारांनी काय केलं ते बघा. फेब्रुवारीत ब्राझीलियात युद्धबंदीवर सह्या घेतल्या पण घरी गेले नाहीत, ब्राझीलच्या जनरलच्या हाताखाली आपले लष्करी निरीक्षक त्या जंगलात पाठवले, दोन्हीकडचं सैन्य मागे घ्यायला लावलं आणि साडेतीन वर्षं बोलणी चालू ठेवली. त्यातल्या अर्जेंटिनाने त्याच काळात इक्वाडोरला चोरून शस्त्रं विकली हे उघड झालं, जामीनदाराने असं करावं ही लाजिरवाणीच गोष्ट, तरी बाकीच्यांनी, विशेषतः ब्राझीलने, दोर सुटू दिला नाही. 1998 ला परत भडका उडायची वेळ आली तेव्हा त्यांनी अट घातली, आधी दोघांच्या संसदेने ठराव करायचा की आमचा निर्णय बंधनकारक, मगच आम्ही निर्णय देऊ. दोन्ही संसदांनी केला तसा ठराव.

हद्द पेरूच्या म्हणण्यासारखी कॉन्डोर डोंगराच्या माथ्यावरून गेली. पण तिविन्साला, जिथे इक्वाडोरचे जवान पुरलेत, तिथली एक चौरस किलोमीटर जमीन इक्वाडोरला खाजगी मालकीने दिली, म्हणजे आपल्या भाषेत सातबारा इक्वाडोरच्या नावावर, गाव मात्र पेरूचं. हरलेल्याला गावी परत जाताना हातात काहीतरी पाहिजे असतं, हे ज्याला सुचलं त्याला मी मनापासून मानतो. 26 ऑक्टोबर 1998 ला सह्या झाल्या.

एसेकिबोचा खटला 2018 ला हेगच्या कोर्टात गेला, व्हेनेझुएला त्या कोर्टाचा अधिकारच मानत नाही. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, दुसऱ्याला समजावून शांत बसवायचं काम ब्राझील आणि कॅरिबियन शेजाऱ्यांनाच करावं लागणार, आणि ते वर्षानुवर्षं करावं लागणार. गयाना आपल्याला क्रिकेटमुळे माहितीये, तिथली कितीतरी कुटुंबं आपल्याच देशातून ऊसमळ्यांवर गेलेल्या लोकांची आहेत, म्हणून सांगतो की फक्त सैन्य हलल्यावर नको, या शेजाऱ्यांची पुढची बैठक होईल तेव्हाही एक कॉलम का होईना छापा. पेरू-इक्वाडोरचा शेवटचा दगड मे 1999 मध्ये बसला, ती बातमी मी त्या वेळी पेपरात शोधली होती, सापडली नाही.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, सातारा