बाबा, लॅपटॉप जुनाच घेतला आहे

नागपूर,
९ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, काल लॅपटॉप घेतला. फोनवर सांगितले असते तर बाबांनी मध्येच "पैसे कमी पडले का?" असे विचारले असते आणि मला रडू आवरले नसते, म्हणून लिहिते आहे. दादाने हे पत्र सावकाश वाचून दाखवावे आणि मधले काही गाळू नये.

बाबा, तो नवा नाही. एका मोठ्या कंपनीत वापरून झालेला आणि दुकानदाराने तपासून, साफ करून पुन्हा विक्रीला ठेवलेला लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० आहे. हे मॉडेल २०१८ साली आले. सीताबर्डीतल्या एका दुकानातून पक्क्या बिलावर, सहा महिन्यांच्या हमीसह, २२,५०० रुपयांना मिळाला. तुम्ही कापसाच्या चुकाऱ्यातून पाठवलेल्या ४०,००० रुपयांत मी कोरा डबा फोडून घ्यावा, अशी तुमची इच्छा होती, हे मला ठाऊक आहे. सहावीपासून माझी पुस्तके अर्ध्या किमतीची, वरच्या वर्गातल्या मुलींची होती आणि ते तुमच्या मनात अजून सलते, हेही आईने सांगितले. मला ते कधीच सलले नाही. दरवर्षी जूनमध्ये तुम्ही दिवसभर पेरणी करून आल्यावर त्या पुस्तकांना खाकी कव्हरे घालत बसायचे आणि आई ज्वारीच्या पिठाची खळ करून द्यायची, एवढेच मला आठवते.

तुमचे मन राखण्यासाठी म्हणत नाही, पण मी आधी नवेच पाहिले. तीन रविवार फिरले. पंचवीस-तीस हजारांत जे नवे दाखवले जात होते, त्यांतल्या बहुतेकांत सेलेरॉनसारखा कमी ताकदीचा प्रोसेसर होता, रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी स्मृती, चार किंवा आठ जीबी, आणि तीही बोर्डाला डाग देऊन पक्की केलेली, म्हणजे पुढे वाढवायची म्हटली तरी वाढवता येणार नाही. काहींत साठवणीची जागा अवघी ६४ जीबी होती, जी विंडोज आणि त्याच्या अपडेटनेच बहुतांश भरते. मी संध्याकाळी दोन-तीन व्यापाऱ्यांचे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरचे आणि जीएसटीचे काम घरी आणणार आहे. तीन-चार मोठी एक्सेलपत्रके एकदम उघडली की अशा यंत्राला दम लागतो. त्यापेक्षा कार्यालयीन वापरासाठी बनवलेला, मजबूत बांध्याचा जुना लॅपटॉप त्याच पैशांत कितीतरी अधिक काम देतो. माझ्या लॅपटॉपमध्ये कोअर आय५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे साठवणीची वेगवान डिस्क, आहे. रॅमचे दोन खाचे आहेत, त्यांतला एक रिकामा आहे. सध्या रॅमचे भाव चढलेले आहेत, ते उतरले की मी आणखी आठ जीबी बसवीन.

तुम्हाला वाटेल, दुकानदाराने पोरीला गंडवले. बाबा, तुम्ही बैलबाजारात आधी दात पाहायचे, मग खूर उचलून पाहायचे, आणि विकणारा कितीही घाई करो, चार पावले चालवून पाहिल्याशिवाय दोर हातात घ्यायचे नाहीत. मी लहानपणी तुमच्या खांद्यावर बसून ते सगळे पाहिले आहे. तसेच केले. पहिल्यांदा वय पाहिले: इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यानंतरचीच घ्यायची, कारण विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याहून जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्याच दुकानात सातव्या पिढीचा एक सोळा हजारांत मिळत होता. स्वस्त असूनही तो सोडला. मग बॅटरीचा अहवाल काढला. आतल्या बॅटरीची मूळ क्षमता २४ वॉट-तास होती, ती आता १९ उरली आहे, म्हणजे एवढ्या वयाला चांगलीच. डिस्कची प्रकृती पाहिली, प्रत्येक कळ दाबून पाहिली, पांढरा पडदा लावून ठिपके शोधले, आणि जुन्या मालकाचा कुठला पासवर्ड आत अडकलेला नाही ना, हेही पाहिले. तासभर चालू ठेवला, तेव्हा कुठे पैसे मोजले. खोड एकच आहे: झाकणाचा एक कोपरा घासलेला आहे. बिलावर यंत्राचा क्रमांक लिहून घेतला आहे.

त्याला दोन बॅटऱ्या आहेत, एक आत आणि एक खालून काढता येणारी. आतली चालू असताना बाहेरची बदलता येते, यंत्र बंद करावे लागत नाही. आपल्याकडे वीज गेली तरी माझे काम अडणार नाही, म्हणजे मी महिन्यातून एक शनिवार-रविवार निश्चिंतपणे गावी येऊन राहू शकेन. पडदा स्वच्छ आणि मोठ्या अक्षरांचा करता येतो, त्यामुळे डोळ्यांवर ताण येत नाही. आई, आता मी रात्री नऊपर्यंत कार्यालयात बसणार नाही. साडेसहाला खोलीवर असते, गरम भात करून जेवते, तुझे तीळ-जवसाचे तिखट अजून अर्धी बरणी आहे.

आता खरी गोष्ट. काकूंनी मला सांगितले की बाबांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेले पैसे माझ्या पैशांत घातले आणि "मोतीबिंदू पिकला की काढू" असे सांगून तारीख पुढे ढकलली. बाबा, पिकण्याची वाट पाहायची गरज उरलेली नाही. फार कडक होऊ दिला तर उलट शस्त्रक्रिया अवघड होते. मी रागावलेली नाही. तुम्ही माझ्यासाठी केले, हे मला दिसते, आणि म्हणूनच माझ्या टेबलावरचा तो नवा डबा मला रोज टोचला असता. लॅपटॉप, बॅग आणि माउस मिळून २३,४०० रुपये झाले. उरलेले १६,६०० रुपये सोमवारी तुमच्या खात्यात येतील. ते डोळ्याचे आहेत. त्यांतून फवारणीची औषधे किंवा खत घ्यायचे नाही.

संक्रांतीला येईन, तेव्हा तुम्हाला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला घेऊन जाणार आहे; रजा मंजूर झाली आहे. तोवर हरभऱ्याला रात्रीचे पाणी द्यायला तुम्ही जायचे नाही. एका डोळ्याने, टॉर्चच्या उजेडात, बांधावरून चालणे मला मंजूर नाही, दादा जाईल. आई, तू बाबांची साखर आणि तुझा रक्तदाब दोन्ही उपकेंद्रात तपासून कागद जपून ठेव. गोळी संपली म्हणून चार दिवस थांबायचे नाही.

बाबा, पारावर कोणी विचारले तर "पोरीने पारखून घेतला" असे सांगा. तुम्ही येथे आलात की तो मी तुमच्या मांडीवर ठेवीन, आणि आईने त्याला हळद-कुंकू लावायचे आहे, त्याआधी मी त्यावर पैशाचे काम घेणार नाही.

तुमची लाडकी,
बाई

ता. क. आई, मिळालेली बॅग पातळ आहे. तुझ्या जुन्या लुगड्याचे दोन पदर घालून एक खोळ शिवून ठेव. आतून साडेचौदा इंच लांब, दहा इंच रुंद, आणि तोंडाला नाडी. हिरव्या काठाचे लुगडे मिळाले तर तेच घे.