सुई बघायच्या आधी आयडेंट ऐक

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला. पायलट ट्रेनिंगच्या ग्राउंड क्लासला रेडिओ नेव्हिगेशन, म्हणजे जमिनीवरच्या व्हीओआरसारख्या रेडिओ स्टेशनांवरून वाट शोधणं, सुरू झालंय आणि तू म्हणतोस हे परीक्षेपुरतं पाठ करायचं, पुढे जीपीएस आहेच की. अरे नको असं करूस. फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसलोय, संध्याकाळी फ्लाइंग आटपलं की निवांत वाच.

थिअरी तुला पुस्तकात मिळेल, मी आधी हाताची सवय सांगतो. इथे बे एरियात मी जे सेसना १७२ भाड्याने घेतो त्यात जुना केएक्स १५५ रेडिओ आहे, डावीकडे कॉम (बोलायचा) आणि उजवीकडे नॅव्ह (वाट शोधायचा). सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यूवरून सलिनासकडे निघालो की नॅव्हच्या स्टँडबायला ११७.३, म्हणजे सलिनासच्या व्हीओआर स्टेशनची फ्रिक्वेन्सी, लावायचं, बटण दाबून ते अ‍ॅक्टिव्हला आणायचं, ऑडिओ पॅनलवर नॅव्ह १ चालू करायचं आणि व्हॉल्यूमचा छोटा नॉब बाहेर ओढायचा. जमिनीवर असताना मध्ये डोंगर येतात, व्हीएचएफ रेडिओ सिग्नल सरळ रेषेत जातो ना, त्यामुळे थोडं वर चढलं की मग हेडसेटमध्ये बारीक आवाज यायला लागतो: डिट डिट डिट, डा डिट, डिट डिट डिट. एसएनएस. हाच आयडेंट, मोर्समधली स्टेशनची ओळख. चार्टवर सलिनासच्या चौकटीत हेच ठिपके आणि रेघा छापलेल्या असतात, त्यावर बोट ठेवून ऐकायचं, जुळलं की मगच कोर्स दाखवणाऱ्या सुईकडे बघायचं.

याच्यावर मी एवढा जोर का देतोय ते सांगतो. सुईच्या डायलवरचा फ्लॅग, म्हणजे इशाऱ्याची छोटी पट्टी, फक्त एवढंच सांगतो की सिग्नल वापरण्याइतका येतोय की नाही. तो कुठल्या स्टेशनचा आहे ते फ्लॅगला कळत नाही, आणि स्टेशनवर मेंटेनन्स चालू असेल तेही कळत नाही. काम चालू असताना टेक्निशियन आयडेंट बंद करतात नाहीतर मोर्समध्ये टेस्ट असा शब्द सोडतात, पण सिग्नल तसाच येत राहू शकतो, सुई मस्त मध्यभागी उभी, फ्लॅग गायब, सगळं एकदम छान दिसतं आणि त्या सुईवर भरवसा ठेवायचा नसतो! हे डोळ्यांना दिसणारच नाही, कानालाच कळतं. जी१००० या डिजिटल पॅनलमध्ये आयडेंटची अक्षरं स्क्रीनवर आपोआप येतात हे मला माहीत आहे, तरी शिकताना कानाने ऐकच.

आता दुसरी गोष्ट. व्हीओआर तीस हर्ट्झचे दोन सिग्नल पाठवतं, एक सगळ्या दिशांना सारखा आणि दुसरा दिशेप्रमाणे फेज (लाटेची वेळ) बदलणारा. मॅग्नेटिक उत्तरेला दोन्ही एकाच फेजमध्ये, पूर्वेला ९० अंशांचा फरक, दक्षिणेला १८०. रिसिव्हर हा फरक मोजतो आणि तोच तुझा रेडियल, म्हणजे स्टेशनपासून तू ज्या दिशेला आहेस ती रेघ. यात विमानाचं नाक कुठे आहे याचा कुठेच संबंध नाही बघ. तू जागच्या जागी गोल फिरलास तरी सुई हलायची नाही. म्हणून स्टेशनच्या दक्षिणेला असताना स्टेशनकडे जायचं असेल तर ओबीएसला (कोर्स निवडायचा नॉब) ३६० लाव, टू (स्टेशनकडे) दिसेल, सुई डावीकडे गेली तर डावीकडे वळायचं. तिथेच चुकून १८० लावलंस तर फ्रॉम (स्टेशनपासून दूर) दिसेल आणि सुई उलटी वागेल, ती डावीकडे म्हणेल आणि तुझा कोर्स उजवीकडे असेल. हेडिंग (नाकाची दिशा) आणि ओबीएस साधारण जुळतायत ना एवढं दरवेळी बघायचं, बाकी या उलट्या सुईची, म्हणजे रिव्हर्स सेन्सिंगची, मोठमोठी चित्रं पाठ करत बसू नकोस.

आकडे थोडेच लक्षात ठेव. सुई पूर्ण टोकाला गेली म्हणजे १० अंश, एक ठिपका २ अंश. साठ मैलांवर १ अंश म्हणजे एक मैल, त्यामुळे तीस मैलांवर एक ठिपका म्हणजे तू कोर्सपासून एक मैल बाजूला आहेस. जवळ जाशील तसा तोच ठिपका छोटा होत जातो, म्हणून सुईच्या मागे धावायचं नाही, दहा अंश वळून हेडिंग धरायचं आणि काय होतं ते बघायचं, वाऱ्याचा अंदाज त्यातूनच येतो. अगदी डोक्यावर आलास की सुई भिरभिरते, टू जाऊन फ्रॉम येतो, तेव्हा हात शांत आणि हेडिंग तेच. लोकलायझर, म्हणजे उतरताना रनवेच्या रेषेत आणणारा सिग्नल, मात्र चौपट नाजूक आहे, टोकाला फक्त अडीच अंश, आणि तिथे ओबीएस फिरवून सुईवर काही परिणाम होत नाही. डीएमई, म्हणजे स्टेशनपासूनचं अंतर मोजणारं यंत्र, तिरकं अंतर दाखवतं, सहा हजार फुटांवर स्टेशनच्या बरोबर वर असलास तरी ते एक मैलच दाखवणार.

एडीएफबद्दल (रेडिओ बीकनकडे सुई वळवणारं यंत्र) एकच, पावसाळ्यात जवळपास वीज चमकत असेल तर त्याची सुई स्टेशन सोडून वादळाकडे वळते, तेव्हा तिचं ऐकू नकोस.

इथे आयएफआरला, म्हणजे यंत्रांवर उडायच्या नियमांखाली, व्हीओआर वापरायचं तर गेल्या ३० दिवसांत चेक केलेलं लागतं, जमिनीवर ४ अंश आणि हवेत ६ अंशांपर्यंत चूक चालते, आणि तारीख, जागा, चूक आणि सही लिहून ठेवावी लागते. मला हे काम आवडतं, यंत्राशी ओळख होते.

आणि जीपीएसचं म्हणशील तर हे सिग्नल फार क्षीण असतात, जॅमिंग (सिग्नल दाबणं) आणि स्पूफिंग (खोटा सिग्नल सोडणं) आता बाल्टिक आणि पूर्व भूमध्य भागात रोजचंच झालंय. अमेरिकेने बरीच व्हीओआर बंद करायला घेतली तरी एक किमान जाळं मुद्दाम ठेवलंय, जीपीएस गेलं तरी १०० मैलांच्या आत उतरायला एखादा एअरपोर्ट मिळावा म्हणून. फुकट नाही ठेवलेलं ते.

तर पुढच्या सिम्युलेटर सेशनला इन्स्ट्रक्टर सरांना सांगून जीपीएसचं पान बंद करायला लाव. दोन वेगळ्या व्हीओआरचे रेडियल काढ, चार्टवर दोन रेघा मार, जिथे छेदतात तिथे तू आहेस. त्या चार्टचा फोटो मला पाठव, आणि दोन्ही स्टेशनांचा मोर्स शेजारी लिहून पाठव.

तुझा,
अव्या