धाब्यावर आधी फावडे, मग माती

संपादक महोदय,

मृग जवळ आला की खानदेशात जुन्या घरांच्या दारांवर 'धोकादायक इमारत' अशा नोटिसा लागतात आणि मालक घाईघाईने सिमेंटची पोती आणतो. चोपडा, पारोळा, यावल, धरणगाव, कुठलीही जुनी पेठ घ्या. सागाच्या खांब-तुळयांवरच्या या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांना पावसाइतकेच हे सिमेंट नडते.

धाब्यात तुळईवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडे, त्यांवर फळ्या किंवा काड्या, मग कडुलिंबाचा पाला, दाबलेली माती आणि सर्वांत वर खारी माती असते. पाणी लागताच या मातीचे कण सुटतात आणि बारीक छिद्रे बुजतात, म्हणून धाबे गळत नाही. उन्हाळ्यात तिचा नवा थर देतात, पण जुना खरवडायचा कंटाळा करतात. शंभर चौरस फुटांवर एक इंच माती म्हणजे साधारण चारशे किलो. सहा इंच जास्तीची साचली की दोन टनांहून अधिक ओझे, भिजल्यावर आणखी. तुळई वाकते, उतार पन्हाळीकडे न राहता मधोमध येतो आणि तिथे डबके साचते. त्यावर कोबा, म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा थर, ओतला तर वजन वाढतेच, शिवाय पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याला तडे जातात. तड्यातून गेलेले पाणी खाली अडकते आणि कड्या आतून कुजतात. म्हणून आधी फावडे. टेकू देऊन, दोन्ही बाजूंनी सारखी माती उतरवावी. एकीकडचीच काढली तर सांगाडा कलतो.

तुळई बहुधा मधे नाही, भिंतीत गेलेल्या टोकाला कुजते. तिथे दाभण टोचून पाहावे. अर्धा इंच सहज आत गेले तर लाकूड संपले. तरी अख्खी तुळई बदलायची गरज नसते. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा खाचेच्या जोडाने बसवावा, बोल्ट मारावेत. जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी. वाकलेली तुळई जॅकने एका दिवसात सरळ करू नये, रोज थोडी-थोडी उचलावी. टोकाभोवती हवा खेळायला फट ठेवावी. गवंडी तिथे सिमेंट ठासतात आणि तिथेच पुन्हा कुज लागते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडत नाही. ती वर चढते, आतली माती लगदा होते आणि काही वर्षांत गिलावा भिंतीची साल घेऊनच खाली येतो. मातीला माती, विटेला चुना. चुन्याची कळी पाण्यात विझवून निदान पंधरा दिवस मुरू द्यावी, गाळून घ्यावी. एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या जागी थोड्या वाळूऐवजी सुर्खी, म्हणजे विटेची पूड, घालावी. हे काम दिवाळी ते माघ या काळातच. चैत्र-वैशाखात चुना पकडण्याआधीच सुकतो आणि बोटाने पूड निघते. गिलावा आठवडाभर ओला ठेवावा लागतो. घाई असलेल्याने चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

आता पालिकांविषयी. दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवे काँक्रीट ओततात. रस्ता वर येतो, जोते गाडले जाते आणि गल्लीतले पाणी थेट ओसरीत शिरते. मग त्याच घराला धोकादायक ठरवले जाते! नवा थर देण्याआधी जुना उखडावा, एवढी अट निविदेत घालायला काय अडचण आहे?

दुसरे, नोटिशीत नेमके काय धोकादायक ते लिहावे: खांबाचा तळ, तुळईचे टोक की फक्त भिंतीचा फुगवटा. भार खांबांवर असेल तर भिंत उतरवून पुन्हा रचता येते, घर पाडावे लागत नाही. तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे त्याच दिवशी टेकू लावून माणसे बाहेर काढावीत. हा फरक ओळखणारा एखादा जुना सुतार तपासणीला अभियंत्यासोबत न्यावा आणि ही तपासणी जूनमध्ये नव्हे, दिवाळीनंतर व्हावी.

— एक वाचक, पारोळा